जुनी क्लासिक गाडी घेताना: बेळगाव सीमाभागातल्या खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात जुन्या गाड्या हुडकत फिरणारी तरुण मंडळी आता बरीच दिसतात. कुणाला आजोबांकडे होती तशी अँबॅसडर हवी असते, कुणाला फियाट, कुणाला जीप. विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाचाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कागद बघा, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर कोल्हापुरात पुन्हा बांधून मिळतं. सडलेली बॉडी आणि हरवलेली नोंदणी तशी मिळत नाही. खालची उत्तरं या क्रमाने लागली नसली तरी गाडी बघताना क्रम हाच ठेवा.

गाडी किती जुनी झाली की तिला क्लासिक म्हणायचं?

आपल्या कायद्यात 'क्लासिक' असा वर्ग नाही. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले ते 'व्हिंटेज' गाड्यांसाठी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा मात्र ३० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपाला धरून जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. खरेदी-विक्रीच्या बाजारात लोक यापेक्षा मोकळेपणाने बोलतात. १९८० च्या आधीच्या फियाट आणि अँबॅसडर त्यात निर्विवाद येतात. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली पहिल्या घडणीची मारुती ८०० सुद्धा आता याच रांगेत उभी राहिली आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

आपल्या भागात कुठल्या गाड्या विकायला निघतात?

सगळ्यात जास्त अँबॅसडर. निपाणीचे तंबाखू व्यापारी, साखर कारखान्यांचे पदाधिकारी, डॉक्टर, वकील यांच्या दारात ती वर्षानुवर्षं उभी असायची. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री हा तिचा मूळ साचा. हिंदुस्थान मोटर्सने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात बनवली. त्यामुळे 'अँबॅसडर आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. मार्क वन आहे की मार्क टू, १९७५ नंतरची मार्क थ्री की १९७९ नंतरची मार्क फोर, हे आधी विचारा. १९९० च्या दशकातली इसुझू इंजिनाची १८०० रोज चालवायला सगळ्यात सोपी, पण शौकिनांचं मन मार्क वन आणि टूवर असतं.

दुसरी फियाट. पन्नाशीतली ११००-१०३, जिला आपल्याकडे लाडाने डुक्कर फियाट म्हणतात, ती आता क्वचितच दिसते. साठीतली ११०० डिलाइट अधूनमधून निघते. १९७४ पासून त्याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ती पुढची पंचवीसेक वर्षं येत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टेअरिंगवरचा गिअर. हा हँडल गिअर एकदा हाताला बसला की दुसरी गाडी चालवताना चुकल्यासारखं वाटतं.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड क्वचित सापडते. तिचं अख्खं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, हा तिचा डौल. कॉन्टेसा १९८४ ते २००२ या काळातली. जीपबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

दोन वाटा लोक विसरतात. एक गोव्याची. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं आणि आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं असताना तिथे परदेशी गाड्या सहज येत. चोर्ला घाटापलीकडच्या एखाद्या घराच्या मागच्या पडवीत आजही तसली गाडी निघू शकते. दुसरी वाट संस्थानांची. सांगली, जमखंडी, रामदुर्ग, सावंतवाडी ही संस्थानं आपल्या भोवतीच होती. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते, ती ज्याने पाहिली आहे त्याला जपलेली गाडी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

किंमत नेमकी कशावर ठरते?

जुन्या गाडीला छापील दर नसतो. वय, किलोमीटर आणि मॉडेल यांवरून सेकंडहँड गाडीचा भाव काढतात तो हिशेब इथे चालत नाही.

मी आधी बघतो ती गाडी पुरी आहे का. दिव्यांच्या मूळ काचा, बंपर, जाळी, दारांच्या कडेची बीडिंग, हँडलं, डॅशबोर्डवरचं मीटर, हॉर्न रिंग, चाकांच्या टोप्या या बारीक वस्तू जागेवर असतील तर गाडीची निम्मी चिंता मिटली. यातली एकेक गोष्ट हुडकायला पुढे महिने जातात. मग बघतो गाडी मूळची आहे का. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतात का, मूळ पेट्रोल इंजिन काढून कुणी डिझेल बसवलंय का, डॅशबोर्ड कापून नवा स्टिरिओ घुसवलाय का. त्यानंतर पत्रा. आणि या सगळ्याआधी कागद.

दुर्मीळपणाला लोक फार भुलतात. गाडी दुर्मीळ आहे म्हणून महाग होत नाही, ती हवी असणारे असतील तरच होते. काही परदेशी मॉडेलं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, पण त्यांचा एक ब्रेक सिलिंडर मिळवायला जीव जातो आणि म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही.

हिशेब असा करा. आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत. एका पद्मिनीचा मालक एक लाख म्हणतो, पण तळ सडलाय, बंपर नाहीत, सीट फाटल्यात. दुसऱ्या पद्मिनीचे सव्वादोन लाख सांगतात, गाडी पुरी आहे, पत्रा शाबूत आहे, फक्त रंग विटलाय. पहिली स्वस्त वाटते. तिला पत्र्याचं काम, रंग, क्रोम, आतलं कापड आणि हरवलेले पार्ट धरून दोन-अडीच लाख लागले तर ती तीन-साडेतीन लाखांची झाली, शिवाय वर्ष-दीड वर्ष गॅरेजात पडून राहिली ते वेगळंच. आणि सडून दुरुस्त केलेली गाडी मुळात धड असलेल्या गाडीच्या मोलाची कधीच होत नाही.

पत्रा कसा तपासायचा?

हा विषय मी लांबवणार, कारण आपल्या पावसात गाडीचं खरं मरण इथेच आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला पाऊस महिनोन्महिने थांबत नाही. गोव्याकडून आलेल्या गाडीवर पावसाबरोबर खारी हवाही चढलेली असते. अथणी, गोकाक या कोरड्या बाजूच्या गाड्यांचा पत्रा त्या मानाने बरा असतो, पण उन्हाने रबर आणि डॅशबोर्ड तडकलेले असतात. गाडीचं आयुष्य कुठल्या गावात गेलं हे म्हणूनच मी आवर्जून विचारतो.

खानापूर तालुक्यातल्या एका वाड्याच्या पडवीत फियाट बघायला गेलो होतो. निळा रंग, लांबून देखणी. मालक म्हणाले, "वर्षातनं एकदा खंडेनवमीला बाहेर काढतो, हार घालतो, परत आत." चाकावरच्या कमानीला चुंबक लावलं, घट्ट बसलं. तेच दाराच्या खालच्या कडेशी आणलं तर निसटून मातीत पडलं. बोटाने टिचकी मारून बघितली. वरच्या बाजूला टण्ण, खाली ठप्प. आत चार बोटं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. चालकाच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली ओला गोणपाट आणि त्याखाली पत्रा नव्हताच, डांबर फासलेली प्लायची फळी होती. फळीच्या फटीतून पडवीची जमीन दिसत होती. इंजिन मात्र एका सेल्फमध्ये सुरू झालं आणि ते ऐकून सोबतचा मित्र घ्यायला तयार झाला. त्याला मी तिथून बाजूला घेऊन गेलो.

हा क्रम लक्षात ठेवा. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा, म्हणजे मालकाचा रंग ओरखडत नाही. दारांच्या खालच्या कडा, पायदानाखालचा पत्रा, चाकांच्या कमानींचा मागचा भाग, डिकीतला स्टेपनीचा खळगा आणि पुढच्या काचेच्या रबराचा खालचा कोपरा बघा. सगळ्या मॅट उचलायला लावा. मालक नको म्हणाला तर तिथेच समजून जा. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा, जॅक लावायच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा.

अँबॅसडर आणि पद्मिनी दोन्हींना जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार पेलते. म्हणून तळाचे पट्टे सडले तर तो दिसण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. एक सोपी खूण सांगतो. जॅक लावून गाडीची एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावा. दार अडकलं किंवा फट वाकडी झाली तर बॉडी खचतेय. हेरल्डला चेसिस वेगळी आहे, पण तिचे बाजूचे हात गंजतात, ते मुद्दाम बघा.

मग इंजिनाचं काय बघायचं?

मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा. थंड गाडी कशी सुरू होते यावरून निम्मं समजतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट-पिवळट फेस दिसला तर हेड गॅस्केट गेलंय असं धरा. गाडी गरम झाल्यावर ऑइलचा दाब किती उतरतो ते मीटर असेल तर बघा, नसेल तर दिवा मिणमिणतो का ते बघा.

रिंग-पिस्टन, बोअर, क्रँक घासणं ही कामं घाबरण्यासारखी नाहीत. बेळगावात फाउंड्री आणि मशिन शॉपची परंपरा आहे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर ती पिढ्यांची आहे. इंजिन ढिलं असेल तर तेवढे पैसे दरातून कापून मागा आणि पुढे चला.

गाडी चालवताना अँबॅसडरचा पुढचा भाग ऐका. पुढच्या सस्पेन्शनच्या सांध्यांना, म्हणजे ट्रनियनला, वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नसेल तर खड्ड्यात खडखडाट होतो. पद्मिनीचा हँडल गिअर सैल झाला की गिअर नेमका कुठे पडतोय ते कळत नाही, पण तो बुश बदलून नीट होतो. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक चिकटलेले असतात. ते मोकळे केल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका, मालक कितीही आग्रह करो.

नवा रंग मारलेली चकचकीत गाडी बरी की जुन्या रंगाची?

जुन्या रंगाची, जवळजवळ नेहमी. विटलेला पण मूळचा रंग खोटं बोलत नाही. ताज्या रंगाखाली काय आहे हे रंगवणाऱ्यालाच माहीत. विक्रीसाठी म्हणून नुकताच रंग मारला असेल तर माझा संशय वाढतो.

मूळ रंग कुठला होता हे कळायला डॅशबोर्डखाली, दाराच्या आतल्या पॅनेलमागे आणि डिकीच्या रबराखाली बघा. रंग बदलला असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. नीट काम झालेली गाडी असेल तर मालकाकडे कामाचे फोटो असतात. पत्रा उघडा केलेला, प्रायमर मारलेला, टप्प्याटप्प्याने काढलेले. फोटो असले की मी त्या गाडीला मान देतो आणि जास्त पैसेही देतो.

मागच्या काचेवरचा जुन्या डीलरचा स्टिकर, पहिल्या सर्व्हिसचं पुस्तक, पिवळं पडलेलं खरेदीचं बिल, आजोबांचा गाडीसोबतचा फोटो, यातलं काहीही फेकू देऊ नका. घर रिकामं करताना लोक हे सगळं रद्दीत घालतात. गाडीबरोबर मागून घ्या.

कागदांत सगळ्यात आधी काय बघायचं?

मूळ आरसी बुक हातात घेऊन, गाडीवरचा चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ताडा. नुसता फोटो चालत नाही. नंबर कोरलाय की घासून पुन्हा ठोकलाय ते बोट फिरवून बघा.

१ जुलै १९८९ पासून केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, एमएच-०९ कोल्हापूर असे आजचे नंबर आले. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरांची जुनी मालिका असते. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे फार जुन्या गाडीचे पहिले कागद त्या काळातले असू शकतात. जुना नंबर शाबूत असलेली गाडी मला जास्त आवडते आणि बाजारातही तिला मान असतो.

अशा गाड्यांची नोंद बहुतेक वेळा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसत नाही. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे जुन्या रजिस्टरात नोंद असेल तर 'बॅकलॉग एन्ट्री', म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवणं, होऊ शकते. कर्नाटकात त्या रजिस्टरातल्या नोंदीच्या उताऱ्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. तो मालकाने काढून दिल्याशिवाय मी पूर्ण पैसे देऊ नका असंच सांगेन. रजिस्टरच सापडत नाही असं उत्तर मिळालं तर ती गाडी शोभेची वस्तू म्हणून घ्यायची की नाही, एवढाच निर्णय उरतो.

नोंदणीची मुदत पण बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपून गेली असेल तर कारला दरमहा ५०० रुपये जादा आकाराचा नियम आहे. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून कारला ५,००० रुपये झालं आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. आयात केलेल्या २० वर्षांवरच्या कारला ८०,०००. हा थकलेला खर्च कुणी भरायचा ते दर ठरवतानाच बोलून घ्या.

गाडी महाराष्ट्राची किंवा गोव्याची आहे. मी बेळगावात राहतो. काय करावं लागेल?

आपल्याकडे हे रोजचं आहे. कोल्हापूरच्या मामाची गाडी भाच्याने निपाणीत आणली, असंच चालू असतं. कायदा मात्र स्पष्ट आहे. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कधीकाळी कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. टॅक्स गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो. तो घेण्याआधीच आरटीओत विचारून या.

माझं ठाम मत आहे की एनओसी काढायची जबाबदारी विकणाऱ्याची. "नंतर बघूया की, एजंट आहे आपला" असं म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. पुढे तो माणूस फोन उचलत नाही आणि तुम्ही महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातली कोगनोळी यांच्या मधे लटकता. सीमेच्या अगदी जवळ राहणाऱ्याने एक विचार जरूर करावा. गाडी खरोखर महाराष्ट्रातल्या सख्ख्या भावाच्या नावे आणि त्याच्याच घरी राहणार असेल तर नंबर बदलण्याची गरजच नाही आणि जुना नंबरही वाचतो.

मालक वारले आहेत आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. घ्यावी का?

चांगल्या गाड्या बहुतेक अशाच मिळतात. घ्या, पण आधी गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. कर्नाटकात नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, वंशवृक्षाचा दाखला मिळतो. भावंडं चार असतील तर चौघांची लेखी संमती घ्या. पुण्यातली बहीण किंवा अमेरिकेतला भाऊ नंतर "बाबांची गाडी कुणाला विचारून विकली?" म्हणून उभा राहतो तेव्हा कुणाचंच भलं होत नाही, आणि त्या दुःखात तुम्ही पडण्याचं कारण नाही.

१५ वर्षांवरची गाडी भंगारात घालावी लागते का?

नाही. डिझेल गाडीला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची ती बंदी दिल्ली परिसराची आहे. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पुढे चालते. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी मात्र २०२३ च्या एप्रिलपासून पुढे चालत नाही. म्हणून "सरकारी खात्यातली अँबॅसडर आहे, स्वस्तात निघतेय" असं कुणी सांगितलं तर ती कधी आणि कुणाच्या नावे झाली ते कागदावर बघा.

व्हिंटेज गाडीचा व्हीए नंबर घ्यावा का?

गाडी ५० वर्षांवरची असेल तरच हा प्रश्न येतो. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो. बदल्यात बंधन येतं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. दर रविवारी आंबोलीला चहा प्यायला जाणार असाल तर साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी. कागद पार तुटलेल्या खऱ्या जुन्या गाडीसाठी मात्र हा मार्ग विचारात घ्यावा.

जीप घ्यायची आहे. वेगळं काही बघावं लागतं?

हो, आणि फार काळजीने. महिंद्राने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. उंच बोनेटची सीजे-३बी आजही चंदगड-जांबोटीच्या रस्त्यांवर मन जिंकते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने लष्करी गाड्यांची ओढ इथे जास्त. पण 'मिलिटरी डिस्पोजल' असं सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीचं लिलावाचं पत्र आणि त्यावरून झालेली नोंदणी दाखवता आली पाहिजे.

मोठा धोका म्हणजे जोडून बनवलेली जीप. चेसिस एकीची, कागद दुसरीचे, इंजिन तिसरीचं, बॉडी नवी ठोकलेली. दिसायला झकास असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींनुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. रुंद टायर, कापलेलं छत, बदललेलं इंजिन असलेली जीप मी कुणालाच सुचवत नाही. साधी, मूळ उंचीची, स्प्रिंगचे पाटे शाबूत असलेली जीप घ्या.

पार्ट मिळतात का?

अँबॅसडर आणि पद्मिनीचे इंजिन, ब्रेक, क्लचचे पार्ट अजून मिळतात. अडतं ते काच, क्रोम आणि रबरावर. बेंगळुरूचा जेसी रोड, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार या जागा स्वतः जाऊन पालथ्या घालाव्यात, फोनवर काम होत नाही. जुना बंपर वाकडा असला तरी टाकू नका. तो सरळ करून तांबं, निकेल आणि मग क्रोम अशा क्रमाने प्लेटिंग करून घ्या, जाड पत्र्याचा जुना बंपर बाजारातल्या नव्या पातळ बंपरापेक्षा कितीतरी चांगला.

आणि मेस्त्री जपा. पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारी माणसं आता साठीच्या पुढे गेली आहेत. शक्य असेल तर गाडी बघायला जाताना अशा मेस्त्रीकाकांना सोबत न्या आणि त्यांच्या दिवसाचे पैसे न मागता द्या.

आताचं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

चालतं, पण तयारी करून. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट मऊ असतात. हेड उघडलंच तर कडक सीट बसवून घ्या.

दर कसा बोलायचा?

गाडीला मालकासमोर नावं ठेवू नका. त्या गाडीतून कुणाची वरात निघालेली असते, कुणी बाळंतीण घरी आलेली असते. "भंगार आहे" म्हणालात की व्यवहार तिथेच संपतो, आणि संपावाच. दोषांची यादी शांतपणे कागदावर काढा, प्रत्येकाचा खर्च मेस्त्रीकडून विचारून लिहा आणि तो कागद मालकाच्या हातात द्या. बहुतेक लोक ऐकतात.

उसाची बिलं सुटतात तेव्हा गिऱ्हाईकं वाढतात. पितृपक्षात आणि भर पावसात कुणी फिरकत नाही. पावसात जा. दर बरा मिळतो आणि काच, छत, डिकी कुठे गळते ते आयतंच दिसतं.

विसार दिलात तर पावती लिहून घ्या. चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली रक्कम, कुठले कागद कुणी कधीपर्यंत द्यायचे, आणि गाडीबरोबर मिळणारे सुटे पार्ट, सगळं त्यात यावं. सुट्या पार्टांवरून नंतर भांडणं होतात.

ऑनलाइन जाहिरातीवर विश्वास ठेवावा का?

जाहिरात हा फक्त पत्ता समजा. गाडी न बघता एक रुपयाही पाठवू नका. "मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी कॅम्पात उभी आहे, टोकन पाठवा, पोहोचती करतो" हा ठगांचा जुना डाव आहे आणि बेळगावात लष्कराचं नाव आदराने घेतलं जातं म्हणून माणूस सहज फसतो. खरा जवान गाडी दाखवल्याशिवाय पैसे मागणार नाही.

लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढता येईल का?

खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, व्हीए नंबरची तर नाहीच. घरच्या लग्नात मिरवा.

विमा किती रकमेचा काढायचा?

थर्ड पार्टी तर सक्तीचाच. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. चारही बाजूंचे फोटो, कामाची बिलं आणि जमलं तर मूल्यांककाचा अहवाल घेऊन बसा, नाहीतर कंपनी भंगाराच्या भावाने आकडा टाकते.

गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

मी नको म्हणतो. मूळ, पुरी आणि कागद साफ असलेली गाडी आपला भाव राखते, पण गॅरेज, विमा, टायर, बॅटरी यांचा खर्च दरवर्षी होत राहतो आणि विकायची वेळ आली की योग्य गिऱ्हाईक कधी येईल ते सांगता येत नाही. ज्याला रविवारी सकाळी बोनेट उघडून हात काळे करायला आवडतं त्यानेच घ्यावी. नफ्यासाठी घेणारे लोक गाडी झाकून ठेवतात, आणि उभी राहून गाडी जितकी खराब होते तितकी चालून होत नाही.

पहिलीच जुनी गाडी आहे. नेमकी कुठली घेऊ?

ऐंशीच्या दशकातली पेट्रोल पद्मिनी, नाहीतर मार्क फोर अँबॅसडर. पार्ट मिळतात, मेस्त्री सापडतात आणि गाडीत घरची सगळी बसतात. घराणेदार परदेशी गाडी दुसऱ्या खेपेला. ठरवण्याआधी दोन्हींत स्वतः बसून बघा. उंच माणसाचे गुडघे पद्मिनीच्या स्टेअरिंगला लागतात, अँबॅसडरचं स्टेअरिंग उभ्या गाडीत वळवायला दंडात जोर लागतो. घरातल्या वयस्कर माणसांनाही एकदा मागे बसवा. अँबॅसडरच्या मागच्या सीटवर आजी जितकी निवांत बसते तितकी आजच्या बऱ्याच गाड्यांत बसत नाही.

आणि जागा मोजा. अँबॅसडर साधारण ४.३ मीटर लांब, पद्मिनी ३.९ मीटर. शहापूर, वडगावच्या बोळांत किंवा खडेबाजाराच्या मागच्या घरांत गाडी आत जाते, पण दार उघडायला जागा उरत नाही. छपराखाली हवा खेळती हवी, प्लॅस्टिकचं आच्छादन नको, घुशी वायरी खातात त्याचा बंदोबस्त हवा. टेप घेऊन हे आधी मोजा, मग फोन लावा.